ताईचा फळा आणि दोऱ्याचं मत

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. थंडीचे शेवटचे दिवस. त्याच मोसमात मी सुताराच्या हातून बाहेर पडलो आणि त्याच मोसमात शाळेतून काढला गेलो.

मी फळा बोलतोय. फळ्याचं शिक्षण भरपूर झालेलं असतं, असा लोकांचा समज आहे. माझं झालं नाही. माझ्या उजव्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ आहे. सुताराने ती काळ्या रंगाखाली दडपली होती, पण दडपलेली गाठ वर येतेच. मास्तर जोरात लिहायला लागले की खडू तिथे अडखळायचा आणि मोडायचा. पोरं हसायची. मास्तरांना हसलेलं खपत नसे. महिन्याभरात मी व्हरांड्यात, तोंड भिंतीकडे करून उभा होतो. शिक्षा झालेल्या पोरासारखा.

गणवेश पोचवायला ताई आली होती. ताई म्हणजे आमच्या गल्लीतली शिंपीण. वय पंचवीस, पण साठीच्या माणसानेही तिला ताईच म्हणायचं, असा तिचा दरारा.

"हा टाकलाय का?" तिने शिपायाला विचारलं.

"गाठ आहे त्याच्यात."

"गाठ माझ्या दोऱ्यालाही पडते. म्हणून मी रीळ फेकून देत नाही. धर रे त्या टोकाला."

त्या टोकाला तिचा भाऊ होता. बारा वर्षांचा, काडीसारखा. दुकानातल्या फरशीवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करायचा म्हणून गल्लीने त्याचं नाव दोऱ्या ठेवलं होतं. बहीणभावांनी मला दुकानात आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या घरचा.

त्या घराची गोष्ट मला गल्लीच्या बोलण्यातून कळली. बाप आधीच गेला होता. गल्लीच्या टोकाला सूतिकागृह आहे. आठ खाटांचं, निळ्या दाराचं. तिथे दोऱ्या जन्माला आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आई गेली. नर्सबाईंनी ते गाठोडं तेरा वर्षांच्या ताईच्या हातात दिलं. म्हणाल्या, "मान सांभाळ." ताईने मान सांभाळली. पुढे बाकीचंही सांभाळलं. स्वतःचं लग्न वगैरे विषय तिने काढला नाही, आणि दुसऱ्या कुणाची काढायची छाती झाली नाही.

दोऱ्या माझ्यावर पाढे शिकला. खडू ताईचाच, कापडावर खुणा करायचा, चपटा. गाठीपाशी खडू अडला की तो हात जरा उचलायचा आणि पलीकडे टेकवायचा. मास्तरांना जे सुचलं नाही ते त्याला पहिल्या दिवशी सुचलं. त्या दिवसापासून पोरगा मला आवडला.

त्याला एक खोड होती. खोटं बोलायच्या आधी तो खोकायचा. दोन आखूड ठसके, एकाला लागून एक. एकदा गिऱ्हाइकाच्या नव्या पँटवर इस्त्रीचा तांबडा डाग पडला.

"कुणी केलं?" ताईने विचारलं.

दोन ठसके. मग, "मांजरानं."

"मांजर इस्त्री करायला लागलं का? मग उद्यापासून तुला सुट्टी, त्यालाच ठेवते कामाला."

त्यानंतर ताईला विचारपूस करावी लागत नसे. आतून ठसके ऐकू आले की मशीन थांबवायची आणि नुसतं म्हणायची, "काय फोडलंस?"

पोरगा मोठा झाला. पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून लागला. लोकांचे नळ बसवले, तुंबलेले पाइप मोकळे केले, साहेबांशी भांडून आमच्या गल्लीला दोन वेळा पाणी आणलं. पाण्यासाठी भांडणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. तेहतिसाव्या वर्षी तो निवडणुकीला उभा राहिला. शेवटची सभा आमच्या दारातच झाली. ताईच्या इस्त्रीच्या टेबलावर तो चढला. आमच्या नर्सबाई, आता केस पिकलेल्या, पहिल्या रांगेत होत्या. छोटी सूतिकागृहं बंद करून इमारती विकायच्या, असं तेव्हाच कानावर येत होतं.

दोऱ्या बोलायला उभा राहिला आणि खोकला. दोन ठसके. मग म्हणाला, "ज्या दारात मी जन्मलो ते दार बंद करायला मी हो म्हणणार नाही."

टाळ्या पडल्या. मी आत भिंतीवर होतो. मला ताईचं तोंड दिसत होतं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

संध्याकाळी तिने विचारलं, "खोकलास का?"

"धूळ होती गं."

सकाळीच ताईने दारात पाणी मारलं होतं. धुळीचा कण नव्हता. ती गोष्ट ताईने मनात टाचून ठेवली.

दोऱ्या आमदार झाला. राजधानीला निघायच्या आदल्या दिवशी चेष्टेत म्हणाला, "ताई, तिथे माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"मी. आणखी कोण?"

तिने चेष्टा केली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने मला आतून काढलं आणि बाहेर, दाराच्या उजव्या हाताला, छपराखाली ठोकलं. माझ्यावर तीन रकाने आखले. बसला. बोलला. मत. सभागृह भरलं की त्या दिवसाची ओळ माझ्यावर चढायची. मतांच्या खुणा शिवणकामातल्या. सरळ रेघ म्हणजे होय. फुली म्हणजे नाही. कच्च्या टाक्यांसारखी तुटक रेघ म्हणजे गैरहजर. म्हणजे कच्चं काम, पुन्हा करावं लागणार. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही त्या खुणा वाचता यायच्या.

समोर बेकरी आहे. बेकरीवाल्याकडे वर्तमानपत्र यायचं आणि रेडिओ होता. सभागृहाचं कामकाज रेडिओवर लागायचं. ताई मशीन चालवत ऐकायची आणि वर्तमानपत्रात मतांची नावं छापून आली की ताडून बघायची. ज्या मतदानात नावं नोंदली जात नाहीत, नुसतं ओरडून होय की नाही सांगतात, त्याला आवाजी मतदान म्हणतात. तिथे ताई खूण करत नसे. "सांगता येत नाही" एवढंच लिहायची. तिचा नियम होता: दिसलं नाही ते मापात धरायचं नाही.

भाषणांवर तिचा शेरा असायचा. "नळांवर बोलला. बरं बोलला." "रस्त्यांवर बोलला. लांबलं." एकदा नुसतंच, "बोलला. कशाला?"

बेकरीवाला पाव भाजता भाजता ओरडायचा, "ताई, कालची रेघ वाकडी आलीय! साहेब दबकत होय म्हणाले वाटतं!"

"तुझे पाव बघ. एका बाजूने काळे पडतायत."

रविवारी दोऱ्या घरी यायचा. आत जायच्या आधी माझ्यासमोर उभा राहायचा. मोठमोठ्या लोकांत बसणारा माणूस, पण माझ्यासमोर त्याचे हात आपोआप मागे जायचे. एकदा म्हणाला, "ताई, मंगळवारी टाके पडलेत माझ्यावर. अगं, मी दाताच्या डॉक्टरकडे होतो."

"मग लिहू तसं?"

"लिही की."

तिने लिहिलं: "दात दुखत होता." त्यानंतर आठवडाभर त्याला जो भेटेल तो कायद्यांचं सोडून दाढेचं विचारत होता. नर्सबाईंनी तर लवंगेचं तेल पाठवलं.

ते दिवस चांगले होते. मला सांगता येत नाही, पण फळ्यालाही आपण कशासाठी आहोत हे कळलं की बरं वाटतं.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपत आला होता तेव्हा, सूतिकागृहांचा ठराव आला. ठराव दोऱ्याच्याच पक्षाचा. बेकरीवाल्याने रेडिओ उचलून बाहेरच्या फळीवर ठेवला. सगळी गल्ली जमली. नर्सबाई स्टुलावर बसल्या. ताई दारात उभी राहिली, गळ्यात टेप, हातात खडू.

भाषणं झाली. दोऱ्याला बोलायला दिलं नाही. मग अध्यक्ष म्हणाले, आवाजी मतदान घेतो. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.

एक क्षण शांत. आणि त्या शांततेत, रेडिओच्या खरखरीत, दोन ठसके. आखूड. एकाला लागून एक.

मागोमाग मोठा गजर आला, "होय!"

इतर कुणाला काही कळलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईचा हात मात्र माझ्या कडेला घट्ट बसला.

मग विरोधवाले "नाही" म्हणाले. ते विरळच होतं. ते संपल्यावर एक "नाही" उशिरा आलं, एकटंच. बेकरीवाला म्हणाला, "हा कोण, झोपेतून उठला का?" दोघंतिघं हसले. ठराव मंजूर झाला. नर्सबाई स्टुलावरून उठल्या आणि निघून गेल्या.

ताई माझ्याकडे वळली. नियमाप्रमाणे तिने "सांगता येत नाही" लिहायला हवं होतं. तिने सरळ रेघ ओढली. जाड. खडू गाठीपाशी अडला तरी हात उचलला नाही. खडू मोडला. खाली तिने लिहिलं: "होय म्हणाला. मी ऐकलं."

गल्लीने वाचलं. कुणी ओरडलं नाही, कुणी चेष्टा केली नाही. पोटच्या पोरासारख्या भावाविरुद्ध बहीण लिहिते, ते खोटं कसं असेल? माझ्यावर तोवर कधी खोटं लिहिलं गेलं नव्हतं. तेव्हाही मला ते खरंच वाटलं. लोक जाता जाता बघत होते, आणि मला फक्त जड वाटत होतं.

रविवारी दोऱ्या आला. माझ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ.

"ताई, हे…" तो म्हणाला आणि खोकला.

आतून मशीनचा आवाज थांबला. "खोकू नकोस. बोलायचं असेल तर सरळ बोल."

त्याने ताईकडे बघितलं, ज्या नजरेने बारा वर्षांचा असताना बघायचा त्याच नजरेने. फक्त आता मान वर होती.

"तू मला विचारणार नाहीस?"

"ऐकल्यावर विचारायचं काय?"

"बरं," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना? मग राहू दे."

आणि उंबऱ्यालाही पाय न लावता गेला. ताटं आत वाढलेली होती. दोन्ही तशीच राहिली.

नंतर तो आला नाही. ताईने काम सोडलं नाही. रोजची ओळ चढत होती, पुसली जात होती. बसला. बोलला. मत. फक्त ती जाड रेघ तिने पुसली नाही. शेरे मात्र थांबले. "बरं बोलला" नाही, "लांबलं" नाही. थंडी आली. एका सकाळी सूतिकागृहाच्या लोखंडी खाटा माझ्यासमोरून हातगाडीवर गेल्या. सगळ्यात शेवटी तान्ह्यांचं वजन करायचा काटा, त्याच्या पितळी ताटात ऊन पडलेलं. ताई दारात येऊन बघत होती. ताट दिसेनासं होईपर्यंत ती हलली नाही. मग आत गेली. त्या दिवशी मशीन लागलं नाही.

थंडी ओसरत होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. बेकरीवाला रस्ता ओलांडून आला. हाताला पीठ तसंच. तोंडात चेष्टा नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"ताई, दोऱ्याला पक्षातून काढला."

"का?"

"सूतिकागृहांच्या ठरावावर नाही म्हणाला म्हणून. माफी मागायला मुदत दिली होती. मागितली नाही त्यानं."

पायडल एकदा खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"पुन्हा सांग."

"नाही म्हणाला, ताई. त्यांच्या बाकावरून एकटा. ते उशिरा आलेलं… मीच हसलो होतो त्याला."

ताई उठली. सुईत कापड अडकलेलं तसंच सोडून बाहेर आली. फडकं ओलं केलं आणि माझ्यावरची रेघ पुसायला लागली. इतके दिवस राहिलेला खडू सहजी जात नाही. तिने नखाने खरवडलं. मग त्याच जागी फुली काढली, तितकीच जाड. गाठीपाशी हात उचलला. खाली लिहिलं: "नाही म्हणाला. मी चुकीचं लिहिलं. ताई."

"आता पत्र टाका त्याला," बेकरीवाला म्हणाला.

"चूक रस्त्यावर केली. ती पाकिटात घालून फेडू?"

"मग उद्या पुसून टाका. सगळ्यांना कळलंच आहे."

"खोटं किती दिवस होतं?"

"झाले असतील… पावसाळ्याच्या शेवटापासून."

"मग हेही तेवढेच दिवस. एकही कमी नाही."

बेकरीवाला डोकं खाजवत गेला. केसांत पीठ राहिलं.

इथे थोडं थांबतो आणि माझं आजचं सांगून टाकतो, म्हणजे शेवटी रेंगाळायला नको. मी अजून त्याच भिंतीवर आहे. गाठीपासून खाली एक चीर गेली आहे. रंग दोनदा दिला, तिसऱ्यांदा द्यायला हवा. ताई आता नाही. मशीन आहे, बंद असतं. नवे आमदार आले आणि गेले, आणि प्रत्येकाची ओळ माझ्यावर चढते. लिहिणारा आता म्हातारा आहे, काडीसारखाच. आवाजी मतदान झालं की "सांगता येत नाही" असं स्वच्छ लिहितो. मला लाकडाला अक्कल कितीशी, पण एवढं सांगतो. ज्याला निवडून दिलं त्याच्यावर लक्ष ठेवा. रोज ठेवा. आणि तो दारात येऊन उभा राहिला तर लिहिलेलं असलं तरी एकदा विचारा. बस, माझं मागणं इतकंच. आता राहिलेलं सांगतो.

दुपारची वेळ होती. झाडांना पालवी फुटली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. दोऱ्या कोपऱ्यावरून आला. कोट खांद्यावर, हातात छोटी बॅग. त्याला माझ्यासमोरून न बघता जायचं असावं. पाय थांबलेच. त्याने वाचलं. हात मागे गेले. मग तो खोकला. दोन ठसके.

आत मशीन थांबलं.

"जेवलास?" आतून आवाज आला.

"नाही."

"मग बाहेर काय उभा आहेस? फळा काय वाढणार आहे?"

तो आत गेला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ताट मांडल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "लहानपणी खोटं बोलायच्या आधी खोकायचास."

"खोटं बोलायच्या आधी नाही, ताई. भीती वाटली की."

"कुणाची?"

"तुझी. तेव्हा दुसरं होतं कोण घाबरायला?"

"आणि तिथे?"

"तिथे सगळ्या बाकाची. शेजारच्याने गुडघा दाबून धरला होता माझा. होय म्हणायची वेळ आली तेव्हाच कळलं, आता एकट्याने नाही म्हणावं लागणार. तोंडच कोरडं पडलं. त्यांचं सगळ्यांचं संपलं तरी माझं निघेना."

"टेबलावर उभा राहून दिलास तो शब्द, तेव्हाही भ्यायला होतास?"

"तेव्हा सगळ्यात जास्त. पाळावा लागणार होता ना."

भांड्यात पळी वाजली.

"पुरे गं, पोट फुटेल."

"गप्प बस. नुसता दोरा झालायस."

जेवून तो दारात येऊन बसला. तिने काही सांगितलं नव्हतं, पण त्याने बाजूला पडलेला एक कोट मांडीवर घेतला आणि त्याचे कच्चे टाके उसवायला लागला. लहानपणी करायचा तसं. उसवलेले दोरे मुठीत गोळा करत होता. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ताई, ते पुस आता. लाज वाटते येताजाताना."

"अजून मुदत आहे."

"मला पोचलं, ताई."

"तुला पोचलं. गल्लीला पोचायचंय. नर्सबाई रोज या रस्त्याने जातात. त्यांनी वाचायचंय, आणि कंटाळा येईपर्यंत वाचायचंय."

तो हसला. पुन्हा टाके उसवायला लागला.

नर्सबाईंनी वाचलं. पहिल्या दिवशी थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. नंतर येता-जाता माझ्या फुलीला नुसता हात लावून जायच्या. बोटाला लागलेला खडू पदराला पुसायच्या. पोस्टमनने वाचलं, दूधवाल्याने वाचलं, कधी इथे न येणारी माणसंही मुद्दाम वाट वाकडी करून वाचून गेली. एकदा पाऊस तिरका आला आणि फुलीचं एक टोक धुऊन गेलं. ताईने छत्री माझ्यावर धरली, दुसऱ्या हाताने टोक पुन्हा काढलं आणि स्वतः भिजत आत गेली.

मुदत भरली त्या दिवशी सकाळी ताईने बादलीत फडकं बुडवलं. दोऱ्या उठून पुढे आला, हात पुढे केला. "दे, मी पुसतो."

"तू नाही," ताई म्हणाली.

तिने फडकं पिळलं, आणि मला वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलं.